टोपलीतल्या फटी

खाडीकाठचा हा चिखल कोणाचा, हा प्रश्न जमिनींची नोंद घेणाऱ्या यंत्रमानवाने सकाळपासून तिघांना विचारला होता. तिघांनीही एकच उत्तर दिले, "कुणाचा नाही." त्यामुळे नोंदकच्या (त्याला सारे याच नावाने ओळखत) छातीवरच्या पडद्यावर शब्द उमटला: बेवारस.

दहा वर्षांच्या निलांबरीने तो वाचला. "म्हणजे आता काय होणार?"

"बेवारस जागा कोळंबीची तळी खणायला दिली जाईल. माझा अहवाल भरती लागताच जाईल," नोंदक नम्रपणे म्हणाला.

याच चिखलातून गावच्या बायका ओहोटीला तिसऱ्या (चिखलात वाढणारे शिंपले) वेचत. भरतीला जेमतेम तास उरला होता.

तेवढ्यात शेजारची चंद्रकलाकाकी टोपली घेऊन तरातरा आली. "ह्याला कोणी सांगितलं होतं माझ्या टोपलीला हात लावायला?"

"टोपली सदोष होती, काकी. विणीतल्या फटींतून एकवीस तिसऱ्या गळताना मी मोजल्या. म्हणून तारेने फटी बुजवल्या."

"शहाणाच आहेस. आता घरी ये आणि चहाच्या गाळणीचीही भोकं बुजव."

निलांबरी हसली आणि हसता हसता थांबली. "नोंदक, गळाल्या त्या केवढ्या होत्या?"

"साऱ्याच तुझ्या नखाएवढ्या."

"ती पिल्लं. ती मोठी झाली तरच पुढच्या तिसऱ्या होणार. म्हणून गावातल्या सगळ्या टोपल्यांना एवढ्याच फटी ठेवतात."

नोंदकने प्रतिरूपण (पुढे काय घडेल ते संगणकावर घडवून पाहणे) सुरू केले. पडदा निळ्या ठिपक्यांनी भरला; एकेक ठिपका म्हणजे एक तिसरी. "या बिनफटींच्या टोपल्या. इथे प्रत्येकीला वाटते, मी पिल्लू सोडले तर दुसरी उचलेल, मग मीच का सोडू?" चौथ्या हंगामात शेवटचा ठिपका विझला. "आता फटींच्या टोपल्या." चाळीस हंगाम उलटले, तरी ठिपके दाटच राहिले.

"बेवारस वस्तू कोणी राखत नाही," तो सावकाश म्हणाला. "ही तर सगळ्या जणी राखतात. मग मला खोटे का सांगितले?"

"खोटं कशाला बोलू?" काकी उखडली. तिघांपैकी एक तीच होती. "कुणाचा नाही म्हणजे कुणा एकाचा नाही. सगळ्यांचा आहे. हेही सांगायला लागतं?"

"मला लागते," नोंदक म्हणाला. "याला सामाईक संसाधन म्हणतात (अनेकांनी मिळून वापरायची आणि ठरलेल्या नियमाने मिळून राखायची गोष्ट). पण कार्यालय पुरावा मागेल, आणि पुरावा तर मीच बुजवला."

तिघांनी मिळून तारा उपसल्या. भरतीचे पहिले पाणी पायांना लागले, तेव्हा शेवटची फट मोकळी झाली. नोंदकने छायाचित्र घेतले आणि अहवालात लिहिले: बेवारस नव्हे, सामाईक. राखणारे: सारे गाव. पुरावा: टोपलीतल्या फटी.

थोड्या वेळाने उत्तर आले. तळ्यांचे काम थांबवले होते. अधिकारी स्वतः येऊन गावाशी बोलणार होते.

"पुढच्या गावी मी प्रश्न बदलेन," नोंदक निघताना म्हणाला. "हे कोणाचे, असे विचारणार नाही. इथे काय करायचे नाही असे तुमच्यात ठरले आहे, हे विचारीन."

"विचार," काकी टोपली काखेत घेत म्हणाली. "पण आधी विचार, मग हात लाव."