वाऱ्याच्या तोंडावरचा धूर

आता बघा, आकाशातून जमिनीकडे बघण्याचं काम ज्याच्या नशिबी येतं, त्याला एक खोड लागते. जे दिसेल त्याचं मूळ शोधायची. हवामान कचेरीतल्या निरीक्षकाला ती पुरती लागली होती. थोड्या थोड्या वेळाने उपग्रहाचं नवं चित्र यायचं. त्यात धूळ गुलाबी, धूर राखाडी. धुराचा पट्टा दिसला की एकेक चित्र मागे सरकवत जायचं आणि तो जिथून निघाला त्या जागेवर बोट ठेवायचं. एकदा एक कारखानदार "अहो, धुकं आहे ते" म्हणून शपथा घेत बसला होता. याने त्याला थेट त्याच्याच भट्टीचं तोंड दाखवलं.

त्या दुपारी धुळीचं वादळ उठलं होतं. खिडक्या गच्च बंद, तरी दाताखाली कचकच. भरदिवसा दिवे लावावे लागले. पडद्यावर गुलाबी लोट पूर्वेकडे धावत होता आणि त्याच्या पोटातून एक बारीक राखाडी रेघ पश्चिमेला निघाली होती. सरळ वाऱ्याच्या तोंडावर.

"चित्रातला दोष आहे, पुसून टाक," शेजारच्या खुर्चीतला सोबती म्हणाला. ऐन चाळिशीत पेन्शनच्या गप्पा मारतो म्हणून सगळे त्याला पेन्शनर म्हणत. "धुराला काय वेड लागलंय उलटं जायला?"

निरीक्षकाने पुसलं नाही. सवयीने मागे मागे जात राहिला आणि मूळ सापडलं तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं. माळाच्या कडेची वस्ती. तिथे ताई एकटी राहायची. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं.

त्याने फोन लावला. "ताई, घरात काही जळतंय का?"

"जळतोय तो माझा जीव! किती दिवसांत तोंड दाखवलं नाहीस. बाकी गॅससुद्धा बंद आहे."

"मग कुलूप लाव, शेजाऱ्यांना गाडी काढायला सांग आणि माझ्या कचेरीत ये. आत्ता."

"अरे, धुळीत स्वतःचा हात दिसत नाही..."

"ऐक ना, ताई."

ती निघाली. पुढच्या चित्रात वस्ती स्वच्छ झाली. निरीक्षकाने सुटकेचा श्वास सोडला, पण तो अर्धाच. रेघ आता हमरस्त्यावरून निघत होती. त्याच्या पुढच्या चित्रात नदीवरच्या पुलावरून. पेन्शनर खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकला.

केसांतली धूळ झटकत ताई आत आली. तिच्यामागून ओलं कापड धुमसावं तसा वास आला. ती खोकत होती आणि खोकला थांबत नव्हता. पडद्यावर नवं चित्र उमटलं. रेघ याच इमारतीतून निघाली होती.

"ही आगीची नाही रे..." पेन्शनर कुजबुजला. "ही माणसाची आहे..."

आगीपासून वाचवायला म्हणून त्याने ताईला घराबाहेर काढलं होतं, आणि आग तर कुठेच नव्हती. ताईचे ओठ काळे पडत चालले होते. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मनातल्या मनात म्हणाला, हिला सोड. मला धर.

"कुठे निघालास? घोटभर चहा तरी..." ताईला धाप लागली होती.

"आलोच."

तो एकटाच गाडी घेऊन सुटला. शहर मागे पडलं तसा पेन्शनरचा फोन आला.

"नव्या चित्रात कचेरी कोरी झाली. रेघ आता... तुझ्यामागे आहे."

निरीक्षक हसला. मोकळं, पोटातून हसला. त्याच हसण्यातून त्याला खोकला सुरू झाला. "ताई कशी आहे?"

"खोकला थांबला. पण..."

"पण काय?"

"तुझ्या खुर्चीत बसल्यात. पुढचं चित्र अजून आलेलंच नाही. आणि त्या पडद्यावर बोट ठेवून रडतायत... म्हणतात, हा इथे थांबेल."

"कुठे?"

"माळावर. वळणावरच्या पांढऱ्या दगडापाशी. मी त्यांचं बोट उचलायला बघतोय... उचलत नाहीये. बोटाखाली काच काळी पडत चाललीय रे..."

ताईने उभ्या जन्मात असलं चित्र पाहिलं नव्हतं.

धुळीतून वळणावरचा पांढरा दगड हळूहळू वर आला. निरीक्षकाचा पाय ब्रेकवर नव्हता. तरी गाडीचा वेग कमी होऊ लागला.