उजव्या हाताची करंगळी

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी सहा नंबरच्या मशीनचा कीबोर्ड बंद पडला. गीतांजली तेव्हा हिंदी उताऱ्याच्या तिसऱ्या ओळीवर होती. तिने एक अक्षर दाबलं, दुसरं दाबलं, मग पाचही बोटं एकदम टेकवली. पडद्यावर काही उमटेना.

सदर बाजारातल्या त्या टायपिंग क्लासला तुळशीराम सरांचा एकच नियम होता – नजर कागदावर. पडद्याकडे पाहणाऱ्याच्या खांद्यावर ते पट्टी ठेवत. मारत नसत, नुसती ठेवत. आता त्यांनी स्वतः वायर हलवून पाहिली आणि खिडकीकडे बोट केलं.

"सामने रिपेअरिंगवाले को बुला ले, बेटा."

रस्त्यापलीकडे दुकानाच्या पायरीवर, जानेवारीच्या उन्हात, एक जण स्टुलावर बसून मटार सोलत होता. चार दाणे पातेल्यात, पाचवा तोंडात. गीतांजलीने हे नुकतंच मोजलं होतं.

"भैया," तिने खिडकीतून हाक मारली, "ज़रा ऊपर आइए."

जबलपुरात अनोळखी पुरुषाला दुसरं काही म्हणत नाहीत.

तो वर आला. कीबोर्ड उलटा करून त्याने तळहातावर आपटला, वायर दुसऱ्या जागी लावली. त्याच्या बोटांना कोवळ्या शेंगांचा वास होता.

"काहून असं करून राहिला हा..." गीतांजली पुटपुटली.

त्याने मान वर केली. "कोण, मी?"

"कीबोर्ड."

"अच्छा. म्हणजे तुम्ही मराठी. कुठल्या?"

"इथल्याच, दीक्षितपुऱ्याच्या."

"मग भैया काहून म्हटलं?"

"मग काय म्हणायचं होतं?"

"यशोधन नाव आहे माझं." त्याने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. कीबोर्ड चालू लागला. "पण चलो, म्हटलं ते म्हटलं."

बुधवारी चार वीसला कीबोर्ड पुन्हा बंद पडला. यशोधनने दुकानातून नवा आणून जोडला. गुरुवारी चार पाचला नवाही बंद पडला. मशीन बंद करून चालू केलं की सगळं ठीक, आणि कारण कोणालाच सापडत नव्हतं.

"रविवारी माझी परीक्षा आहे," गीतांजली म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. "दहा मिनिटं. मिनिटाला तीस शब्द. मागच्या वेळी अठ्ठावीसवर राहिली मी. मार्चमध्ये वय निघून जाते, मग नोकरीचा अर्जही भरता येणार नाही. तिथे असं झालं तर?"

"तिथलं मशीन वेगळं राहील."

"इथेही कीबोर्ड वेगळाच आहे आता. दोष माझ्याच हातात असला तर?"

तो हसला नाही. त्याने सरांच्या टेबलावरचा कागद घेतला, पट्टीने तीन रकाने आखले. कधी बंद पडला. काय टाइप करत होता. त्याच्या आधी काय केलं.

"तिसरा खाना खरा भरा. डॉक्टरला सांगता तसं."

शुक्रवारी चार पंधराला कीबोर्ड बंद पडला. गीतांजलीने चारही दिवसांच्या वेळा लिहिल्या, उताऱ्यांचे क्रमांक लिहिले. तिसऱ्या रकान्यात चार वेळा लिहिलं – काही नाही.

यशोधनने कागद उन्हाकडे धरून वाचला. "सकाळी अकराला येता तेव्हा एकदाही नाही?"

"नाही."

"फक्त चार ते साडेचार." त्याने कान खाजवला. "उद्या मी बाजूलाच बसतो. पाहू, कसा बंद पडते."

शनिवारी बरोबर चारला तो पाच नंबरच्या खुर्चीवर बसला. गीतांजलीने उतारा घेतला. बोटं सरसर चालत होती, नजर कागदावर होती... तिच्या कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या. सव्वाचार झाले. साडेचार झाले. काहीच बंद पडलं नाही.

"मी बसलो तर चालून राहिला," यशोधन म्हणाला. "सरकारी बाबूसारखा आहे. साहेब आले की काम."

तो खाली गेला. दुकानासमोर थोडा वेळ नुसताच उभा राहिला, मग स्टुलावर बसला आणि सवयीने पातेलं मांडीवर ओढलं.

चार बेचाळीसला वरच्या खिडकीतून हाक आली. "अहो... परत."

भैया नव्हतं त्यात. यशोधन दोन-दोन पायऱ्या चढत वर आला. या वेळी त्याने मशीन बंद केलं नाही. एक अक्षर दाबलं आणि तसंच दाबून धरलं. सेकंदभराने ते पडद्यावर आलं.

"हा बंद नाहीच पडला. नुसतं टकटक केलेलं ऐकत नाही आहे." तो वाकून तिच्या हाताकडे पाहत होता. "ही करंगळी... अशीच राहते शिफ्टवर?"

"हिंदीला शिफ्ट सारखं लागते. हात थांबला की करंगळी तिथेच थांबते."

"उजवीकडचं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं ना, तर पडद्यावर एक प्रश्न येते. हळू दाबणाऱ्यांसाठीची सोय चालू करू का, म्हणून. तुम्ही तो पाहतच नाही, स्पेस दाबून देता. मशीनला वाटते, हो म्हटलं." त्याने पडद्यावरच्या दोन-तीन चौकटींतल्या खुणा काढून टाकल्या. "घ्या. इथली ती सोय बंद केली. उद्या तिथे तेवढी करंगळी उचलून ठेवा."

गीतांजलीने श्वास सोडला. पाच दिवसांत पहिल्यांदा.

यशोधन मात्र हलला नाही. तिसऱ्या रकान्याचा कागद त्याच्या हातात होता.

"आठ सेकंद फार असतात," तो हळूच म्हणाला. "पडद्यावर नजर नाही, कागदावरही नाही. मग कुठे पाहून राहिल्या होत्या?"

गीतांजलीने कीबोर्डवरची नसलेली धूळ पुसली.

"उद्या हॉलमध्ये नाही होणार असं," ती म्हणाली.

"खिडकी राहिली तर?"

"राहू द्या. खाली तुम्ही मटर सोलत बसलेले नसणार."

यशोधनने कागदाची घडी घातली. मग त्या घडीची घडी घातली. काही बोलायला तोंड उघडलं – आणि तुळशीराम सरांनी मागून येऊन त्याच्या खांद्यावर पट्टी ठेवली.

"नज़र कागज़ पर," सर म्हणाले.

रविवारी बारा वाजता परीक्षा झाली. हॉलला खिडकी होती. गीतांजलीने तिकडे पाठ केली, करंगळी उचलून ठेवली आणि दहा मिनिटं कागदाशिवाय कुठेही पाहिलं नाही. शेवटी पडद्यावर आकडा आला. तेहतीस.

फाटकाबाहेर स्कूटरला टेकून यशोधन उभा होता. इस्त्रीचा शर्ट, भांग नीट पाडलेला.

"किती?"

"तेहतीस."

त्याने डोळे मिटून उघडले, जणू परीक्षा त्याचीच होती. "आणि कुठे पाहिलं नाही ना?"

"नाही. आता पाहू का?"

"पहा. मी मोजतो."

तिने पाहिलं. सरळ, खिडकीची चौकट आणि रस्ता मध्ये नसताना.

"एक," यशोधन म्हणाला. "दोन... तीन... चार... पाच..." सहावर त्याने मान खाली घातली आणि स्कूटरच्या आरशावर काही नसताना बोट फिरवलं.

"आठ नाही झाले," गीतांजली म्हणाली.

"माहीत आहे."

"मग परत मोज."