चाळीस पावलं

माझा धंदा पाय करायचा. कुणी विचारलं की मी एवढंच सांगते, आणि बहुतेक माणसं पुढे काही विचारत नाहीत. तुम्ही विचारलंत, म्हणून सांगते. मध्येच उठून जाऊ नका म्हणजे झालं.

त्या सोमवारी मी जरा लवकर कामावर गेले. प्लास्टरची पोती यायची होती आणि काकांना पोतं उचलवत नाही. काका म्हणजे आमच्याकडे चामड्याचे पट्टे करणारे. नात्याचे नव्हेत, पण नऊ वर्षं आम्ही एकाच टेबलावर डबा खातोय, तेव्हा नात्याचेच समजा. इस्पितळाच्या मागच्या अंगाला आमची लांबट खोली. एका भिंतीला साचे, दुसरीकडे चालायला शिकवण्यासाठी कमरेइतके उंच दोन दांडे. ओल्या प्लास्टरचा वास घरी गेलं तरी केसांतून जात नाही. मधे पडदा, आणि पडद्यापलीकडे वॉर्ड.

लढाईचं ते बारावं वर्ष होतं. ती जिथे चालली होती तो देश मी नकाशात दोनदा शोधला आणि दोनदा विसरले. आपलं तिथे काय अडलं होतं, हे मला आजवर कुणी धड सांगितलेलं नाही. आता थोडंच राहिलं, असं दरवर्षी सांगायचे. आणि दर पंधरवड्याला जखमींची गाडी यायची, मी मापं घ्यायची.

त्या दिवशी पोत्यांबरोबर एक कागदही आला. तिकडे माणसं कमी पडत होती. तेव्हा ज्याला नवा पाय बसवलाय आणि जो काठीशिवाय चाळीस पावलं सरळ चालेल, त्याला परत पाठवायचं. पहाऱ्याला, गाड्या चालवायला, जिथे लागेल तिथे.

काकांनी कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढून खिशात ठेवला.

"म्हणजे आपण पाय चांगला केला, की पोरगा गेला."

"हो."

"मग वाईट करू."

एवढंच बोलणं झालं. वाईट पाय करणंही सोपं नसतं बरं का. मी पाय एक बोट आखूड ठेवायची, आणि उरलेला पाय ज्यात बसतो ती वाटी किंचित सैल. असा पाय लावून कुणीही दहा पावलांच्या आत कोलमडतो, नाटक करावं लागत नाही. चाळीस पावलांची परीक्षा झाली, ती घ्यायला आलेले लष्करी साहेब गेले, की टाचेखाली लाकडाची चकती आणि वाटीत कापड बसवून द्यायचं, की माणूस नीट चालत घरी जाईल. चकत्या मी आधीच कापून ठेवल्या होत्या. इतकी वर्षं इमानाने काम केलं, पण अभिमान वाटावा असं काम मी त्या चकत्यांचंच केलं.

वॉर्डात तेव्हा आठ जण होते. तिसऱ्या पलंगावर माझा धाकटा भाऊ. डावा पाय गुडघ्याखाली चार बोटांवर गेलेला. त्याचं माप मीच घेतलं होतं. लहानपणी चपला घेताना जसा पाय मागे ओढायचा, तसाच ओढला त्याने, गुदगुल्या होतात म्हणून. आईला मी सांगून ठेवलं होतं, याला मी परत जाऊ देणार नाही. आईने लगेच त्याची खोली झाडून ठेवली.

गेलेला पाय दुखतो, यात आमच्या धंद्यात काही नवल नाही. नसलेल्या बोटांना खाज सुटते, नसलेल्या टाचेत कळ येते. डॉक्टरांकडे त्याला भलंमोठं नाव आहे. पण मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला मी धाकट्याची पट्टी बदलत होते, तर तो म्हणाला,

"ताई, माझा पाय चालतोय."

"कुठे?"

"चिखलात. अनवाणी आहे. थंड लागतंय."

शेजारच्या पलंगावरचा न्हावी उठून बसला. लढाईआधी त्याचं दुकान होतं, म्हणून सगळे त्याला न्हावीच म्हणायचे. "तुझाही?" तो म्हणाला. मग पलीकडचा बोलला, मग त्याच्या पलीकडचा. आठही जणांचे गेलेले पाय त्या घटकेला चिखल तुडवत होते.

रोज दुपारी तीनला ते सुरू व्हायचं. बुधवारी गवत. मग आठवडाभर खडी. मग पाणी, आणि जखमेत मीठ झोंबतंय म्हणून मोठी माणसं रडकुंडीला आलेली मी पाहिली. समुद्र मधे आहे ना, न्हावी म्हणाला, तो ओलांडल्याशिवाय कसे येतील? तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. पाय घरी निघाले होते. वॉर्डाचा नूरच पालटला. माणसं पोटभर जेवायला लागली. माझा आला की पहिल्यांदा त्याची नखं काढतो, असं न्हावी सांगायचा, आणि धाकटा हसून हसून लोळायचा. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? दोन वर्षांत तो हसला नव्हता.

काकांना मात्र ते पटेना. एका दुपारी ते पडद्याआडून बघत उभे राहिले. धाकटा डोळे मिटून चमच्याने पलंगाच्या कडेवर ठेका धरत होता, पाय जसा पडतोय तसा. न्हावी बोटांनी. बाकीचे जसं जमेल तसं. आठही ठेके एक होते.

"घरी येणारा माणूस असा चालतो का गं?" काका हळूच म्हणाले. "सगळे एका पावलात?"

मी त्यांना गप्प केलं.

परीक्षा गुरुवारी सकाळी अकराला होती. आदल्या दुपारी पाय डांबरी रस्त्यावर होते, तापलेल्या. आदल्याच संध्याकाळी मी धाकट्याला आखूड पाय लावून दांड्यांबाहेर चालवून पाहिलं होतं. सातव्या पावलाला तो आडवा झाला. आम्ही दोघं खुशीत होतो.

सकाळी मी त्याचे पट्टे आवळत होते. साहेब खुर्चीवर बसले होते, मांडीवर फाइल, बुटांना झकास पॉलिश. धाकटा माझ्या कानाशी वाकला.

"ताई… आज सकाळीच सुरू झालंय."

"काय?"

"फरशी आहे. गार. काहीतरी पिठासारखं लागतंय पायाला…"

मी खाली पाहिलं. आमच्या फरशीवर प्लास्टरची भुकटी सांडलेली असतेच. त्यावर कुणी नव्हतं, कसली खूणही नव्हती. साहेबांनी नाव पुकारलं.

धाकटा निघाला. मी मनात मोजत होते. सात झाली. आठ. दहा. तो कोलमडला नाही. खांदे सरळ, मान ताठ, हात खांद्याच्या रेषेत. मी केलेला पाय फरशीवर पडला की लाकडी टक् असा आवाज येतो, झोपेतही ओळखेन मी तो. तो आवाज येत नव्हता. उघडा तळवा फरशीवर पडावा तसा मऊ आवाज येत होता. भिंतीपाशी तो वळला तेव्हा मला त्याचा चेहरा दिसला. घामाने भिजला होता.

"ताई," तो म्हणाला, "मी नाही चालत… हे मी नाही…"

चाळिसाव्या पावलाला तो थांबला, टाचा जुळवून.

मग मी जे करू नये ते केलं. टेप घेऊन साहेबांपुढे गेले आणि म्हटलं, "साहेब, हा पाय आखूड आहे. मी मुद्दाम केलाय. याच्यावर कुणाला चालताच येणार नाही. मोजून बघा." वाटलं, मला आत टाकतील, पण त्याचा कागद तर फाटेल. साहेबांनी खरोखरच मोजलं. एक बोट कमी भरलं. त्यांनी टेप गुंडाळून मला परत दिला.

"चालला ना पण?" ते म्हणाले, आणि शिक्का मारला.

आठही जण चालले. एकसारखे. न्हावी मोठ्याने रडत चालला, पण पाऊल चुकलं नाही. दुपारी तीनला गाडी होती. काका खिडकीपाशी उभे होते. "न्यायला आले होते ते पाय," एवढंच ते बोलले, आणि त्यानंतर त्यांनी पुन्हा कामाला हात लावला नाही.

मी संतापाने आंधळी झाले होते. साहेबांवर, लढाईवर, स्वतःवर. आईला सांगायला घरी गेले तर तिने त्याच्यासाठी चादर वाळत घातली होती.

तीन महिन्यांनी आम्हाला बोलावणं आलं. इस्पितळाच्या तळघरातली खोली, भर दुपारी दिवे लावलेले. कारकुनाने चादर चेहऱ्यावरून काढली. धाकटाच होता. वडिलांचं नाक, बाहेर आलेले कान. कारकून कागद वाचत होता, तो मधेच थांबला आणि त्याने चादर पायांवरूनही काढली.

"तुमच्या भावाला डावा पाय नव्हता, असं लिहिलंय," तो म्हणाला. "याला दोन्ही आहेत. हा तुमचा नव्हे, बाई. बेवारस म्हणून नोंद करावी लागेल."

मी वाकून पाहिलं. ज्या जागेचं माप मी स्वतः घेतलं होतं, तिथे टाक्याची खूण नव्हती, साधा सांधाही नव्हता. सलग कातडी. फक्त तळवा जाड झाला होता, भेगा पडलेल्या, आयुष्यभर अनवाणी चालल्यासारखा. मी उजव्या पायाला हात लावला, तो गार होता. मग डाव्याला लावला. तो कोमट होता.

माझ्या हाताखाली त्याचा अंगठा हलला. मी हात काढून घेतला. कारकून म्हणत होता की आता बाहेर चला, वेळ झाली. आई हलायला तयार नव्हती. तो डावा पाय तिने दोन्ही हातांनी धरला होता, आणि सगळं बळ लावून धरला होता.