घोट क्रमांक एक

नमुना क्रमांक तीनला पन्नासपैकी एकेचाळीस गुण मिळाले.

हे घडलेले नाही. जिव्हामापन केंद्राच्या नियम चौदानुसार ते घडल्याबरोबर न घडलेले करण्यात आले. त्यामुळे गोष्ट सुरू होते ती परीक्षक केतकी राजवाडे आयुष्यात पहिल्यांदाच त्या बिअरचा ग्लास उचलते तिथून.

"रंग गडद तपकिरी, उजेडात धरला की कडेला लालसर," ती म्हणाली. "फेस दाट. वास पावाच्या भाजलेल्या कडेचा, खजुराचा, थोडा काकवीचा. जर्मन पद्धतीची डॉपेलबॉक आहे. कडक लागर, आठ टक्के तरी अल्कोहोल."

केंद्रप्रमुख आणि मेंदूतज्ज्ञ डॉ. इरफान मुजावर समोर बसून टिपून घेत होते. खोलीला खिडकी नव्हती, घड्याळ नव्हते. दार होते, पण तीन फेऱ्यांचे गुण जुळेपर्यंत ते उघडत नसे.

केतकीने घोट घेतला आणि गिळला. वाइनवाले चूळ भरून थुंकतात. बिअरवाल्यांना गिळावेच लागते, कारण कडूपणाचा शेवट घशात कळतो.

"पहिल्या घोटालाच डोकं हलकं झालं," ती म्हणाली. "अल्कोहोल लपलेलं नाही. गुण कापणार मी."

"कापा. पण एवढ्या घाबरलेल्या का दिसताय?"

"बिअरचं नाही हो. साडेनऊला कौस्तुभचा फोन यायचा होता. तीन वर्षं लग्नाचं विचारतोय. आज काय ते सांगते म्हटलं होतं. आलाच नाही फोन."

"तुमचा फोन तर गेटवर जमा आहे."

"तो आत येताना दहाला जमा होतो. साडेनऊला माझ्याजवळच असणार ना?"

"असणार म्हणजे? आठवत नाही?"

केतकी विचारात पडली. "पुलाखालच्या सिग्नलला स्कूटर उभी होती ते आठवतं. समोरच्या घड्याळात नऊ पंचवीस. त्यानंतर... हा ग्लास."

मुजावरांनी पेन खाली ठेवले. मग त्यांनी स्वतःच्या शर्टाकडे पाहिले. खिशाखाली मिसळीच्या तर्रीचा डाग होता.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "मी मिसळ कधी खाल्ली?"

स्मृतिक्षालन म्हणजे काय, हे दोघांनाही पाठ होते. पहिला घोट दुसऱ्या घोटाचे मत बिघडवतो, म्हणून प्रत्येक फेरीनंतर परीक्षकाच्या मेंदूतली ताजी आठवण धुऊन काढायची. म्हणजे प्रत्येक घोट पहिला. फेरी घेणाऱ्याला आधीचे गुण ठाऊक असले तर ते चेहऱ्यावर दिसतात, म्हणून त्यालाही धुवायचे.

"फेरी किती मिनिटांची?" केतकीने विचारले.

"पस्तीस."

"आणि यंत्र धुतं किती?"

"चाळीस. पाच जास्त, खबरदारी म्हणून."

"कसली खबरदारी! ती पाच मिनिटं कुठून काढतं?"

यंत्र घड्याळ पाहत नसे, साठलेली आठवण मोजत असे. पस्तीस मिनिटे फेरीतली. उरलेली पाच त्यामागच्या आठवणीतून, म्हणजे सकाळमधून. मध्ये पडलेली फट मेंदू स्वतःच शिवून टाकतो, त्यामुळे कुणाची तक्रारही येत नाही.

"दहाला आत आले. नऊ पंचवीसपर्यंतचं आठवतं," केतकी बोटे मोजू लागली. "पस्तीस मिनिटं गायब. भागिले पाच. सर, ही आठवी फेरी आहे!"

तिने ग्लास उचलला. टेबलावर ओल्या तळाची वर्तुळे होती, काही वाळलेली, एक ताजे. सात वाळलेली.

"पण सात फेऱ्यांत तीन गुण जुळू नयेत?"

"कसे जुळतील? आठवण धुता तुम्ही, पोट धुता का? सात ग्लास आहेत माझ्या पोटात. दर वेळी मी जरा जास्त चढलेली, आणि दर वेळी वाटतं की बिअरच कडक आहे."

"मग आधीचेच गुण परत लिहा की."

"आधीचे गुण तुम्हाला ठाऊक आहेत?"

"नाहीत."

"मग?"

"अर्ज करा," मुजावर म्हणाले. सरकारी सवय, मेंदू धुतला तरी ती जात नाही. "त्या कोपऱ्यातल्या पेटीत टाका. किल्ली माझ्याकडे असते. पेटी रिकामीच आहे."

पेटी रिकामी नव्हती. आत सात अर्ज होते. सातही केतकीच्या अक्षरातले, शेवटच्याचे अक्षर जरा वाकडे. पहिल्यात तिने गेटवर भेटलेल्या कुत्र्याची आठवण राखून ठेवण्याची विनंती केली होती. तिसऱ्यात सकाळपासून काहीच खाल्ले नसल्याची तक्रार होती. सातवा तिने दोनदा वाचला.

'नऊ अठ्ठावीसला कौस्तुभचा फोन आला. मी त्याला उत्तर दिले आहे. पुढच्या क्षालनात ते जाईल. कृपया तेवढे राहू द्यावे.'

"आला होता!" केतकी म्हणाली. मग तिचा चेहरा उतरला. "काय उत्तर दिलं ते लिहिलंच नाहीये."

मुजावरांनी अर्जाच्या तळाशी बोट ठेवले. बारीक टायपात छापले होते: अर्जात गुण अथवा खासगी संभाषणाचा मजकूर आढळल्यास अर्ज बाद.

"सात वेळा नियम पाळलात तुम्ही. कौतुक आहे."

"सर, मी त्याला काय म्हणाले असेन?"

"बाहेर गेल्यावर त्यालाच विचारा."

"असं कसं विचारू? हो म्हणाले असेन तर त्याला वाटेल, फिरले. नाही म्हणाले असेन तर वाटेल, विरघळले."

भिंतीवरचा दिवा पिवळा झाला. क्षालनाला दोन मिनिटे. मुजावर शर्टावरचा डाग रुमालाने पुसत होते. हेही आपण किती वेळा केले असेल, हा विचार मनात येताच थांबले. केतकीने गुणांच्या चौकोनात घाईने बत्तीस लिहिले आणि कोरा अर्ज ओढला.

प्रति, केंद्रप्रमुख, जिव्हामापन केंद्र.

उपरोक्त प्रकरणी विनंती करण्यात येते की, अर्जदाराने आज सकाळी नऊ अठ्ठावीसला दूरध्वनीवर दिलेल्या उत्तराची साक्षांकित प्रत अर्जदारास मिळावी. आणि ती वाचून होईपर्यंत आपण ती मागितली होती, एवढे अर्जदाराच्या व केंद्रप्रमुखांच्या स्मरणात राहू द्यावे.