चौथा व्रण

मावशीच्या गुडघ्यावर तीनच व्रण असायला हवे होते. भाचीने पट्टी सोडली, तर चार दिसले. चौथा कोवळा, गुलाबी, करंगळीच्या नखाएवढा.

तिची मोजण्यात चूक होणं शक्य नव्हतं. दवाखान्यात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेवर संशोधन चाललं होतं, त्यातल्या रुग्णांच्या नोंदी ठेवणं हेच तिचं काम. अर्ध्या लोकांच्या गुडघ्यात दुर्बीण घालून खरी शस्त्रक्रिया व्हायची, उरलेल्यांना नुसत्या वरवर तीन चिरा देऊन टाके घालायचे. कुणाला काय, ते बंद पाकीट ठरवायचं, आणि रुग्णाला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही. मावशीच्या पाकिटातून निघालं, फक्त चिरा. मग पडद्यामागे अर्धवट गुंगीत पडलेल्या मावशीला खरं वाटावं म्हणून मोठे डॉक्टर उगाच एकेक हत्यार मागत राहिले आणि भाचीने स्वतः भांड्यात पाणी ओतून खळखळ केली. असंही होऊ शकतं, हे संमतीपत्रात लिहिलेलं होतं. मावशीने न वाचताच सही ठोकली होती. तू आहेस ना तिथे, मग मी कशाला डोळे फोडून घेऊ, म्हणाली होती.

तीच मावशी आता दुपारच्या उन्हात पलंगावर चक्क मांडी घालून बसली होती.

"हा चौथा कधी झाला गं, मावशी?"

"तुमचे ते दुसरे डॉक्टर येतात ना, मी दुपारी लवंडले की. हात कसे कापसासारखे... म्हणतात, त्या लोकांनी वरवरच केलं, आत कुणी गेलंच नाही. मग हे रोज थोडं थोडं आत जातात."

पाकिटातली गोष्ट मावशीला कुणी सांगितली?

"दुखत नाही?"

"छे. हलकं वाटतं. काल म्हणाले, गुडघा झाला, आता वर सरकू." मावशीने जांभई दिली. "तोंड का उतरलं तुझं? झुरळाला भिणारी पोर, आणि म्हणे दवाखान्यात नोकरी करते."

मग मावशी हळूच आडवी झाली. खोलीत स्पिरिटचा गार वास पसरला.

"मावशी, ऐक ना... तुझं ऑपरेशन झालंच नव्हतं. मला ठाऊक होतं..."

मावशीचे डोळे मिटले होते. भाचीने तिचा खांदा हलवला, गालावर थोपटलं. श्वास लांबत चालला होता, दोन श्वासांमधलं अंतर वाढत होतं. भाचीने मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. घंटा वाजत राहिली. बंद झाली. तिने पुन्हा लावला... पुन्हा.

शेवटी कुणीतरी उचलला.

"डॉक्टर, लवकर या, मावशी..."

आवाज मोठ्या डॉक्टरांचा नव्हता. फार मऊ होता.

"जरा थांब, बाळ," तो म्हणाला. "हात गुंतलेत."