हेडफोनमधला खोकला

यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. रचायचंच असतं तर शेवट तरी बरा केला असता.

आणि हे रात्री घडलेलं नाही. रविवार होता. भर दुपार. खिडक्या सताड उघड्या, खाली मैदानात पोरांचा दंगा चाललेला. जागा म्हणजे माझ्या ताईचं घर. कंपनीच्या वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या.

दाजी, म्हणजे ताईचे यजमान, जहाजं दुरुस्त करणाऱ्या कंपनीत वेल्डर होते. उभं आयुष्य धुरात गेलं आणि छाती निकामी झाली. वर्षभर ते पलंगावरच होते. शेजारी ऑक्सिजनचं मशीन. नाकात नळी. त्या मशीनची घरघर दिवसरात्र चालू असायची.

आणि दाजींचा खोकला.

तो शंभर माणसांत ओळखू यायचा. दोन कोरडे ठसके. मग जरा थांबून एक लांबलचक, पार तळातून ओढून काढल्यासारखा.

"एवढी जहाजं जोडली, पण स्वतःच्या छातीला टाका मारता येईना बघ," ते हसून म्हणायचे. हसले की पुन्हा खोकला.

त्यांचा कामावरचा जिगरी दोस्त लंबू. त्याने त्यांना एक जुना गेमचा कन्सोल आणून दिला होता. संध्याकाळी शिफ्ट सुटली की सगळी गँग आपापल्या घरून फुटबॉलचा गेम खेळायची आणि हेडफोनवरून एकमेकांना मनसोक्त शिव्या घालायची. दाजींना तेवढंच जग उरलं होतं.

अडचण होती इंटरनेटची. वसाहतीचं वायफाय जोडलं की आधी एक पान उघडतं, त्यात कामगाराचा नंबर आणि पासवर्ड भरावा लागतो. कन्सोलवर ते पान उघडायचंच नाही. म्हणून मी एक जुगाड करून दिला होता. माझा जुना लॅपटॉप वायफायला जोडायचा, आणि लॅपटॉपमधून केबलने नेट कन्सोलला द्यायचं. बरेच महिने सुरळीत चाललं.

मग एक दिवस बंद पडलं.

ताईचा फोन आला. "तू येऊन बघ रे जरा. हे भिंतीकडे तोंड करून पडलेत. धड जेवतही नाहीत."

प्रिंटर दुरुस्ती हा माझा धंदा. त्यामुळे वायर असलेली कुठलीही वस्तू बिघडली की सगळे नातेवाईक मलाच बोलावतात. गेलो.

केबल बदलली. लॅपटॉपवरचं शेअरिंग बंद करून पुन्हा चालू केलं. फायरवॉल काढली. कन्सोल बंद केला, वायर उपटली, जरा वेळाने परत लावली. तपासणी चालवली की दर वेळी तेच उत्तर.

लॅपटॉपशी जोडणी, ठीक. इंटरनेट, नाही.

"म्हणजे नळ आहे, पाणी नाही," दाजी म्हणाले.

"अगदी बरोबर."

"मग प्लंबर कशाला बोलावलाय आम्ही?"

आतून ताई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी.

शेवटी कन्सोलमध्ये नेटच्या पत्त्याचे, म्हणजे आयपीचे, आकडे हाताने भरले आणि पुन्हा तपासणी लावली. पडद्यावरचं चक्र फिरायला लागलं... फिरत राहिलं...

आणि हिरवी खूण आली. इंटरनेट जोडलं गेलं.

दाजींनी चक्क टाळी वाजवली. मी घाम पुसला आणि सहज लॅपटॉपकडे पाहिलं.

वायफायचं ते पान तसंच उघडं होतं. नंबराची जागा रिकामी. पासवर्डची जागा रिकामी.

मी लॉगिन केलंच नव्हतं.

लॅपटॉपलाच इंटरनेट नव्हतं... मग कन्सोलला कुठून आलं?

मी काही बोलायच्या आत दाजींनी हेडफोन चढवला होता. पडद्यावर सगळी गँग ऑफलाइन दिसत होती. फक्त एक गप्पांची खोली उघडी होती आणि आत कुणीतरी एक जण होता. नावाच्या जागी काहीच नव्हतं.

"हॅलो? लंबू का रे?"

थोडा वेळ ते ऐकत राहिले. मग कपाळाला आठ्या पडल्या. "कुणीतरी आहे. बोलत नाहीये. तू ऐक बरं."

मी हेडफोन घेतला.

आधी नुसती घरघर... मग दोन कोरडे ठसके... आणि जरा थांबून एक लांबलचक.

मला हायसं वाटलं. "अहो दाजी, तुमचाच आवाज फिरून परत येतोय. माईकचा घोळ आहे."

"मी कुठे खोकलो?"

ते खरंच खोकले नव्हते.

आणि मग दाजी खोकले. दोन कोरडे. जरा थांबून एक लांबलचक.

जसाच्या तसा.

तेवढ्यात हेडफोनमध्ये भांडं पडल्याचा मोठा आवाज झाला. मागोमाग ताईचा आवाज आला, "अगं बाई गं! सगळं दूध गेलं!"

मी स्वयंपाकघराकडे वळून पाहिलं. ताई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. शांत. काहीही पडलेलं नव्हतं.

"ताई..." मी हाक मारली.

ती वळली. कोपर पातेल्याला लागलं.

"अगं बाई गं! सगळं दूध गेलं!"

मी केबल खेचून काढली. घरघर चालूच. लॅपटॉप बंद केला. तरीही चालूच. कन्सोलच्या बटणाकडे हात नेला, तेव्हा दाजींनी माझं मनगट धरलं. एवढ्या आजारी माणसाच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"राहू दे. मला ऐकू दे."

त्या दिवसापासून त्यांनी गेम खेळणं सोडलं.

लंबूचे फोन यायचे, ते घ्यायचे नाहीत. उशीला टेकून हेडफोन लावून बसायचे. ताईला वाटायचं गाणी ऐकतायत. मी कामं आटोपून रोज तिथे जायला लागलो. तिला म्हणायचो, यांना सोबत म्हणून येतो. खरं तर मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

ते आवाज आपल्या पुढे चालले होते. सुरुवातीला दोन-चार श्वासांनी. मग तासाभराने. मग अख्ख्या दिवसाने. आणि अंतर वाढतच होतं.

"उद्या लंबू येणार," दाजी एकदा म्हणाले. "जिन्यात ठेचकाळणार. आणि मला शिव्या घालणार, फोन घेत नाही म्हणून."

दुसऱ्या दिवशी लंबू आला. जिन्यात धप्पकन आवाज झाला. "मेल्या, मेलास का जिवंत आहेस?" असं ओरडतच तो आत शिरला. दाजी पोट धरून हसले. मला मात्र हसू येईना.

मग एके सकाळी मी गेलो तेव्हा दाजींनी न बोलता हेडफोन माझ्यापुढे धरला. ताई कामावर गेली होती. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती जायची.

मी ऐकलं.

मशीनची घरघर होती. पंखा होता. खाली कुठेतरी गाडी सुरू झाल्याचा आवाज होता.

खोकला नव्हता.

मी वाट पाहिली. एवढा वेळ दाजी खोकल्याशिवाय कधी राहायचेच नाहीत. गाढ झोपेतही नाही. मी वाट पाहतच राहिलो...

मग ताईचं रडणं ऐकू आलं. लहानपणी ती जशी रडायची, तोंड दाबून, तसं.

आणि त्यानंतर एका पुरुषाचा आवाज.

"ताई, मशीन बंद करतो गं आता."

खट्. घरघर हळूहळू खाली गेली आणि थांबली.

तो आवाज माझा होता.

मी हेडफोन काढला. दाजी शांत होते. त्यांनी ते आधीच ऐकलेलं होतं.

"तुझ्या ताईला सांगू नकोस," ते म्हणाले.

मी तसा सोडणार नव्हतो. त्याच दुपारी गाडी बोलावली आणि दाजींना दवाखान्यात भरती केलं. म्हटलं, माणूस त्या खोलीतच नसेल तर तिथे असं काही घडेल कसं? दाजी गाडीत फक्त खिडकीबाहेर बघत होते, पहिल्यांदाच गाव बघणाऱ्या माणसासारखे.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "आहे ते असंच आहे. इथे ठेवून आम्ही वेगळं काही करणार नाही. घरी न्या, तिथे त्यांना बरं वाटेल."

पुन्हा तीच खोली. तोच पलंग. तेच मशीन.

मग मी दुसरा उपाय काढला. "दाजी, मी आता या घरात पाऊलच टाकत नाही. माझा आवाजच तिथे नसला तर ते घडणार कसं?"

ते हसले. बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "वेडा आहेस. तू नसलास तर त्या वेळी तुझ्या ताईजवळ कोण असेल?"

तरीही मी गेलो नाही. रोज फोनवर चौकशी करायचो. ताई चिडायची, "आता कामं पडली का रे तुला?" मी काहीबाही सांगायचो. जितके दिवस मी जाणार नाही तितके दिवस दाजी जगतील, असंच माझ्या डोक्याने घेतलं होतं.

एका सकाळी ताईचा फोन आला. ती एकच शब्द बोलली.

"ये."

रस्ताभर मी स्वतःला बजावत होतो. ते वाक्य बोलायचं नाही. मशीनला हात लावायचा नाही. काहीही झालं तरी नाही. आता त्याने काय फरक पडणार होता, कोण जाणे. पण नाही म्हणजे नाही.

दारात लंबू उभा होता. डोळे लाल. डॉक्टर येऊन गेले होते.

दाजी पलंगावर होते. नळी अजून नाकातच होती. आणि मशीन घरघरत होतं... आत कुणी घेणारं नसताना हवा ढकलत होतं. वर तोच पंखा, आणि खाली तशीच एक गाडी सुरू झाली.

ताई खाली फरशीवर बसली होती, तोंडात पदर कोंबून. मला बघून म्हणाली, "हे चालूच आहे रे... मला वाटतं, ते अजून श्वास घेतायत. सारखं वाटतं."

मी लंबूला मशीनकडे बोट दाखवून खुणावलं. बंद कर. तो मागे सरला. मान हलवली. त्याच्याने होईना.

घरघर... घरघर...

ताईने कान झाकून घेतले. मग पुन्हा हात काढले आणि ऐकायला लागली. परत झाकले. तिची ती अवस्था मला बघवेना.

आणि मला माझाच आवाज ऐकू आला.

"ताई, मशीन बंद करतो गं आता."

खट्.

घरघर हळूहळू खाली गेली आणि थांबली.

उशीजवळ हेडफोन पडला होता. कन्सोलची वायर काढून गुंडाळून ठेवलेली होती, मी स्वतः पाहिली. तरी माईकवरचा बारीक दिवा पेटलेला होता.

आमच्याकडे तोंड करून.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहायला बसलो नसतो.

काही आठवड्यांनी लंबूच्या तोंडून ताईला कळलं, की दाजी शेवटी शेवटी गेम खेळतच नव्हते. तिने मला खोदून खोदून विचारलं. मला सांगावं लागलं.

ती चिडली नाही. घाबरलीही नाही. म्हणाली, "एकदा लावून दे मला."

"ताई, त्यात मागचं नाही ऐकू येत. पुढचंच येतं."

"एकदाच. एखादा ठसका तरी सापडेल."

मी लावून दिलं. लॅपटॉप, केबल, सगळं पहिल्यासारखं. तपासणी चालवली. लॅपटॉपशी जोडणी, नाही. इंटरनेट, नाही. देवाशपथ सांगतो, मला इतकं बरं वाटलं.

"बघ, लागत नाहीये. सोड."

पण तिने हेडफोन चढवला होता.

दाजींच्या जागी, उशीला टेकून, ती बसली. डोळे मिटलेले. मी समोर खुर्चीवर. पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग तिने मान किंचित कलती केली... कुणीतरी हळू बोलत असताना आपण करतो तशी.

मग तिने डोळे उघडले आणि थेट माझ्याकडे पाहिलं.

ती नजर मला अजून विसरता येत नाही.

तिने हेडफोन काढला. वायरी उपटल्या. कन्सोल उचलला, जिना उतरून गेली आणि कचऱ्याच्या गाडीत टाकून आली. मी मागे मागे धावलो. "ताई, काय ऐकलंस? सांग ना. दाजी होते का?"

"काही नाही रे. नुसती खरखर."

पण त्या दिवशी तिने मला घरी जाऊ दिलं नाही. समोर बसवून जेवू घातलं. जेवताना दोनदा माझ्या केसांतून हात फिरवला. आम्ही लहान असतानाही ती असलं कधी करत नसे.

त्यानंतर कितीतरी वेळा विचारलं. उत्तर ठरलेलं. नुसती खरखर.

आता तिचा रोज सकाळी फोन येतो. काय चाललंय, बरा आहेस ना, गाडी सावकाश चालव. तेवढंच बोलणं. मग मी म्हणतो, "ठेव आता, कामाला निघतो."

ती ठेवत नाही.

बोलतही नाही. फोन तसाच कानाला लावून बसते. मला कळतं, ती ऐकत असते...

मग मीही दोन-तीनदा जरा मोठ्याने श्वास घेतो. तिला नीट ऐकू जावा म्हणून.