खण म्हणजे खण

मला राग आला की आधी कानशिलं तापतात. त्या दिवशी तर त्यांच्यावर भाकर भाजली असती!

एकोणीसशे अठ्ठावन्नचा श्रावण. प्रकाशा गावातल्या मुलींच्या शाळेत माझी दोन वर्षांपासून हंगामी नेमणूक. अकराला साहेब तपासणीला येणार, आणि हजेरीपत्रक टेबलाच्या खालच्या खणात. खण काही केल्या निघेना. हजेरीपत्रक नाही म्हणजे नोकरी नाही—पुन्हा नाशिकला, वडिलांच्या दारात.

शिपाईण तापीबाईंना ओरडून सांगितलं, "खण काढून द्यायला कुणाला तरी आणा. ताबडतोब!"

आणलं कुणाला? समोरच्या कापडदुकानातल्या रूपचंदला. काखेत चोळीच्या कापडांचं गाठोडं!

"बाई, हिरवा दखाडू का लाल?"

"काय?"

"खण… तुमनाज निरोप व्हता ना!"

"हा खण!" मी टेबलावर हात आपटला.

"याले आम्ही ड्रावर म्हनतस," म्हणत तो हसला. गालाला खळी पडली… मला आणखीच संताप आला.

त्यानं वरचा खण सबंध ओढून बाहेर काढला, मोकळ्या जागेतून हात खाली घातला. "शाईनी दौत आडी ऱ्हायनी."

हिसका बसला. खण निघाला, दौत कलंडली. हजेरीपत्रकाकडे ओघळ निघाला तोच त्यानं कोरा हिरवा खण त्यावर दाबला. एक थेंब लागला नाही. आभार मानायचे सोडून मी म्हणाले, "निघा आता!"

साहेब सही करून गेले. रूपचंद ओट्यावरच बसलेला, हात निळे.

"अजून इथंच?"

"तुमले काढी टाकतीन का, ते दखाले थांबनू."

"काढलं असतं तर?"

"ते…" त्यानं मान खाली घातली. "मी नाशिकले येतू."

डोळे भरून आले, म्हणून मी आणखी ओरडले. "कोण लागता तुम्ही माझे? तासाभराची ओळख!"

"तुमनी तासभरनी. मन्ही दोन वरीसनी… दुकानमातून रोज दखस तुमले."

"दोन वर्षं! आणि तोंडातून एक शब्द नाही? उद्या सकाळी आईंना मागणी घालायला पाठवा. उशीर केलात तर बघा!"

"खरंज का, बाई?"

"एवढ्या मोठ्यानं कुणी खोटं बोलतं का?"

मागे वळून पाहिलं, तर सगळा वर्ग खिडकीत उभा होता.